तुम्हाला न वाचून दाखवलेली पानं

चाचा, मी तुम्हाला अर्धंच वाचून दाखवलं.

कुणाला सांगितलं तर म्हणतील, त्यात काय एवढं, कॉलेजचा प्रकल्प तर होता. पण तुम्ही गेल्यापासून मला हेच आठवतं. बसमध्ये, वर्गात, आईला कपडे पिळू लागताना. मधूनच आठवतं आणि हातातलं काम थांबतं. त्या मंगळवारी तुम्ही विचारलं होतं, "मंग? तितल्या लोकांनी पुढं काय केलं?" मी म्हणाले होते, "ते अजून लिहिलं नाही." लिहिलं नव्हतं हे खरं. पण मला माहीत होतं. माहीत असून मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण त्या क्षणी तुमचं तोंड उतरलेलं बघून मला बरं वाटलं होतं.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

तुम्ही शुक्रवारी गेलात. आता उरलेली पानं तुम्हाला इथेच सांगते. कुठे सांगू दुसरीकडे?

तुम्हाला सुरुवात ठाऊक आहेच, तरी सांगते. सरांनी वर्गात प्रकल्पाचे विषय वाचले तेव्हा मी नेहमीसारखा शेवटी हात वर केला, आणि कुणीच न घेतलेला विषय माझ्या वाट्याला आला: अमेरिकेतल्या कामगार संघटनांची घसरण आणि त्यांची नवी उभारी. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "वराळ्याची पोरगी अमेरिकेला चालली." सगळे हसले, मीही हसले. आमच्या घरात अमेरिका एवढीच होती की बाबा ज्या कंपनीत गेली सतरा वर्षं ठेकेदाराकडून काम करतात, तिचे मालक अमेरिकेत राहतात. बाबांनी त्यांना कधी पाहिलं नाही आणि त्यांनी बाबांना पाहायचा प्रश्नच नाही.

मला कुणाशी तरी बोलायला हवं होतं. त्या कंपनीच्या युनियनचे जुने चिटणीस म्हणून सगळ्या वराळ्याला तुमचं नाव माहीत होतं. आमच्या घरात मात्र ते नाव घेत नसत. म्हणून मी आईचा कुकर घेऊन तुमच्या मिक्सर-कुकर दुरुस्तीच्या दुकानात आले. कुकरला काही झालं नव्हतं. तुम्ही झाकण उलटं-सुलटं केलं, शिट्टी फुंकून पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत.

"ह्याला काय बी झालेलं न्हाई. तुला काय झालंय?"

"मला युनियनबद्दल विचारायचंय."

"तू बबनची पोरगी ना?"

मी मान हलवली. तुम्ही लगेच शेजारचा मिक्सर चालू केलात. रिकामा मिक्सर, बराच वेळ. तुमची ही सवय मला पुढे कळली. उत्तर द्यायचं नसलं की तुम्ही मिक्सर चालू करायचात. त्या दिवशी तो बंद केल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "बस तिकडं. च्या सांगतो."

वर्षभर मी येत राहिले. बाबांना माहीत होतं. त्यांनी कधी नको म्हटलं नाही. कधीतरी जेवताना ताटाकडे बघत विचारायचे, "काय म्हनतो त्यो?" मी काही सांगायला लागले की उठून हात धुवायचे.

तुम्ही मला मास्तरीण म्हणायचात. सुरुवातीला मला वाटलं टिंगल करताय. नंतर कळलं की टिंगलच करत होतात, पण खूशही होतात. मी इंटरनेटवर वाचलेलं मोडक्या मराठीत सांगायचे आणि तुम्ही स्क्रू ड्रायव्हर हातात धरून ऐकायचात. मी एकदा 'कामगार शक्तीचा ऱ्हास' असं लिहून आणलं होतं. तुम्ही म्हणालात, "शक्ती-बिक्ती सोड. सुपरवायझर म्हनला 'ये', आन् आपन म्हनू शकलो 'थांब, डबा खाऊन येतो', ती ताकद. बाकी सगळं भाषन." मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. सरांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि विचारलं, संदर्भ कोणता? मी लिहिलं, हसनचाचा, मिक्सर-कुकर दुरुस्ती, वराळे. ते त्यांनी कापलं.

मोठ्या प्रेसची, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनची, गोष्ट तुम्ही मला पावसाळ्यात सांगितलीत. कंपनी इथे आली तेव्हा मशीन नवं नव्हतं. अमेरिकेतला त्यांचा एक कारखाना बंद झाला आणि तिथला प्रेस सुटा करून, लाकडी खोक्यांत भरून, ट्रेलरवरून इथे आणला. तुम्ही तेव्हा फिटर होतात, चोवीस-पंचवीस वर्षांचे. प्रेस उभा करताना तुम्ही पॅनेलचं दार उघडलंत, तर आतल्या बाजूला जाड पेनानं इंग्रजीत काही लिहिलेलं होतं. साहेबाला विचारलं तर तो म्हणाला, सर्व्हिसिंगची नोंद असेल. तुमचा विश्वास बसला नाही. तुम्ही ती अक्षरं जशीच्या तशी, चित्र काढावं तशी, खिशातल्या डायरीत उतरवून घेतलीत. आणि इतकी वर्षं ती डायरी कुणाला दाखवली नाहीत, कारण इंग्रजी वाचता येत नाही हे चिटणिसानं कुणाला सांगायचं?

मी ती वाचली. चार माणसांची नावं होती. खाली लिहिलं होतं: एकतीस वर्षं. हिला नीट सांभाळा.

"हिला म्हंजी कुनाला?"

"मशीनला, चाचा. तिकडे मशीनला बाईमाणसासारखं म्हणतात."

तुम्ही खूप हसलात. "घरच्या बाईला एवढं कुनी म्हनलं नसंल." मग हसू हळूहळू गेलं. तुम्ही डायरी बंद करून मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, "आमी नारळ फोडला व्हता तिच्यापुढं. हळदीकुंकू, पेढे, सगळं. आन् तिकडं त्याच मशीनीपायी चार मानसं घरी गेली. आमाला वाटलं कंपनी आली. कंपनी आली न्हाई गं, तिकडून पळाली."

माझ्या प्रकल्पाचं पहिलं प्रकरण त्या दिवशी मला समजलं. त्याआधी मी फक्त उतरवत होते. तिकडे एका काळी कारखान्यातल्या माणसाच्या एका पगारावर घर चालायचं, मुलं कॉलेजात जायची. मग कंपन्या अशा राज्यांत गेल्या जिथे संघटना उभी करणं अवघड होतं. विमानांना वाट दाखवणारे सरकारी कर्मचारी संपावर गेले, तर सरकारनं त्यांना एकदम काढून टाकलं आणि बाकी मालकांनी ते बघून घेतलं. मग कारखाने देशाबाहेर निघाले. त्यातला एक खोक्यांत भरून आमच्या वराळ्याच्या माळावर उतरला, आणि त्यामुळे माझे बाबा पवनेच्या वरची आमची वाडी सोडून, तिकोणा पेठेहून एसटी धरून इथे आले. अमेरिकेतल्या चार माणसांचं काम गेलं म्हणून मी इंग्रजी वाचते आहे. हे कुठे लिहायचं असतं मला कळत नाही. प्रकल्पात त्याला रकाना नव्हता.

आता ती गोष्ट, जी आपल्यात नेहमी असायची आणि जिच्याभोवतीच आपण फिरायचो.

मी चौथीत होते. तुमच्या युनियनची कंपनीशी कराराची बोलणी अडली होती, म्हणून तुम्ही कँटीनवर बहिष्कार टाकलात. कँटीनवर बहिष्कार टाकायची तुमच्या कारखान्यातली रीत कडक होती. कंपनीचं जेवायचं नाही आणि घरचा डबाही आणायचा नाही. उपाशी पोटी मशीन चालवायचं, म्हणजे साहेबांना रोज दिसतं. ठेकेदाराच्या माणसांना त्या कँटीनमध्ये जायची परवानगी कधीच नव्हती. ते सायकल स्टँडच्या मागे बसून जेवायचे. बहिष्काराच्या पहिल्याच दुपारी तुम्ही तिथे आलात, बाबांच्या शेजारी बसलात आणि विचारलंत, "बबन, काय आनलंय?" बाबांनी भाकर मोडून अर्धी पुढे केली. दुसऱ्या दिवशी आणखी चौघे आले. आईनं कुणी न सांगता दोन भाकरी जास्त थापायला सुरुवात केली. असे अकरा दिवस. तुम्ही बाबांना सांगितलंत, चाळीस ठेका कामगारांची यादी दिली आहे, ह्या करारात तुम्ही पर्मनंट होणार, तुझं नाव तिसरं आहे. बाबांनी ते आईला सांगितलं. आईनं शेजारी सांगितलं. मी शाळेत सांगितलं.

बाराव्या दिवशी गेटवर गुलाल उधळला, पेढे वाटले. बाबांनाही पेढा मिळाला. त्यांनी तुम्हाला मिठी मारली, खिशात चार पेढे घालून घरी आणले. आम्ही ते देवापुढे ठेवून खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कळलं की करारात यादी नाही.

एवढंच. बाबा तुमच्याशी भांडले नाहीत. नुसते बोलायचे थांबले, अकरा वर्षं. मला वाटतं ते भांडले असते तर बरं झालं असतं.

तुमची बाजू मी तुमच्याकडून तुकड्यातुकड्यांनी काढली. शेवटच्या बैठकीत कंपनीनं सांगितलं, यादी मागे घ्या, मग पगारवाढ देतो. टेबलाशी तुम्ही सात जण होतात. बाहेर तुमची माणसं अकरा दिवस दुपारची उपाशी होती.

"तुम्ही विकलंत त्यांना," मी म्हणाले होते. माझ्या तोंडून एकदम गेलं.

"इकलं न्हाई गं. मागं ठिवलं. पुढच्या करारात घालू म्हनून मागं ठिवलं."

"मग पुढच्या करारात?"

"पुढच्या कराराला आमीच निम्मे उरलो व्हतो. एकेक जन रिटायर झाला, का त्याच्या जागी ठेकेदाराचा मानूस. आमी कुनाच्या जिवावर 'थांब' म्हननार? शेवटी आमालाच कागद दिला, सही करा आन् घरी जा."

 ते माझ्या डोक्यात चालू राहिलं. मी प्रकल्पासाठी वाचत होते त्यातही अगदी हेच होतं. तिकडच्या मोटार कारखान्यांत जुन्या कामगारांनी करार वाचवण्यासाठी मान्य केलं होतं की नव्यानं येणाऱ्यांना कमी पगार, कमी हक्क. एकाच मशीनवर, एकाच पाळीत, दोन प्रकारची माणसं. नव्यांचा संघटनेवरचा विश्वास उडाला. का राहावा? मी ते वाचून थरारले. मला वाटलं, सापडलं. आता चाचांना दाखवते.

म्हणून त्या मंगळवारी दुपारी मी पानं घेऊन आले. तुम्ही कुणाच्या तरी मिक्सरचं भांडं घासत होतात. मी मोठ्यानं वाचलं. एक वाक्य मी मुद्दाम हळू वाचलं: 'ज्यांनी नव्या कामगारांना करारातून वगळलं, त्यांनी आपल्याच संघटनेचा पाया काढून घेतला.' मला त्या वाक्याचा अभिमान होता. तुम्ही भांडं खाली ठेवलंत. मिक्सर चालू केला नाहीत. मग तो प्रश्न विचारलात. मी ते उत्तर दिलं आणि चहा न घेता निघाले. तुम्ही मागून म्हणालात, "ऐतवारी येतो मी मीटिंगला. बबनला सांग." मी मागे वळून 'हो' सुद्धा म्हटलं नाही. छत्री उघडत होते.

रविवारची ती मीटिंग ठेका कामगारांची होती. ते आपली स्वतःची युनियन करायला निघाले होते. फॉर्म छापून आले होते, पण सह्या होत नव्हत्या. बाबांसारखी जुनी माणसं पुढे झाल्याशिवाय बाकीचे हात लावायला तयार नव्हते, आणि बाबा म्हणत होते, "एकदा झालं तेवढं पुरं." तुम्ही तिथे उभं राहून सगळ्यांसमोर बोलणार होतात. काय बोलणार होतात, मला कधीच कळणार नाही. चाचीला विचारलं. ती म्हणाली, "गुरुवारी दिवसभर पाठ करत व्हते. पन मिक्सर चालू करून. मला एक शब्द ऐकू आला न्हाई."

शुक्रवारी सकाळी दुकानाचं शटर वर करताना तुम्ही खाली बसलात, आणि उठला नाहीत.

बाबा मयतीला आले होते, चाचा. मी तुमच्या घरी बायकांत बसले होते, खिडकीतून दिसत होतं. ते आधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. जनाजा निघाला तसे मागून चालत गेले, कब्रस्तानच्या फाटकापर्यंत. घरी आल्यावर मी विचारलं, खांदा दिला का?

"न्हाई. हात पुढं गेला न्हाई."

मग मी सांगितलं, "बाबा, मला वाटतं चाचा रविवारी तुमची माफी मागणार होते."

"मागितली का?"

"नाही."

"मंग झालं."

मला दोघांचाही राग आला. तुमचा, कारण तुम्ही अकरा वर्षं काढलीत आणि मग दोन दिवस आधी गेलात. बाबांचा, कारण ते बरोबर होते. आणि माझा तर होताच. मी तुम्हाला आरोप ऐकवून पाठवलं. उत्तर माझ्यापाशी होतं.

तर हे ते उत्तर. नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, तुम्ही मध्येच टोकत नाही आहात त्यामुळे जरा अडखळतेय.

तिकडे सुरुवात तरुण पोरांनी केली. कॉफीच्या दुकानांत काम करणारी पोरं, मोठमोठ्या गोदामांत पार्सलं भरणारी माणसं. तुम्ही म्हणाला असता, "काफी बनवनारी पोरं संप करत्यात? लोनावळ्यात वलवनला हाटेलातली पोरं सुट्टी मागायला घाबरत्यात." तिथलीही घाबरत होती. पुष्कळांना काढलं. पण ती एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पसरली. आणि मग मोटार कारखान्यांतल्या कामगारांनी संप केला. त्यात त्यांनी मागितली ती फक्त पगारवाढ नव्हती. जुने, पूर्ण पगाराचे कामगार, रिटायरमेंटला आलेले, म्हणाले की हे दोन प्रकार बंद करा. आमच्या शेजारी उभं राहून तेच काम करणाऱ्याला आमच्याइतकं द्या. ज्यांना स्वतःला त्यातून फारसं काही मिळणार नव्हतं, तेही गेटबाहेर उभे राहिले. कुठे सगळं मिळालं, कुठे निम्मं. नव्यांना पूर्ण पगारापर्यंत चढायला कितीतरी वर्षं लागायची, तो लवकर मिळेल असं ठरलं. तात्पुरत्या माणसांना कायम केलं.

म्हणजे चूक दुरुस्त करता येते, चाचा. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. मागे ठेवलेलं पुढे आणता येतं, आणि ते आणायचं काम ज्यांनी मागे ठेवलं त्यांनाही करता येतं.

मी फार गोड करून सांगत नाही. तिकडेही अजून बहुतेक माणसांना संघटना नाही. कॉफीवाल्या पोरांना मान्यता मिळूनही करार मिळवायला वर्षं जातात. सर म्हणाले, निष्कर्ष स्पष्ट लिही, उभारी आहे की नाही? मी दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मला माहीत नाही. ज्याचं उत्तर माहीत नाही ते ठाम लिहायचं कसं, हे मला कॉलेजात तीन वर्षं काढून आलेलं नाही.

तुमच्यामुळे पुढे ढकललेली मीटिंग त्याच्या पुढच्या रविवारी समाजमंदिरात झाली. मी बाबांना ही पानं वाचून दाखवली नव्हती. त्यांनीच सकाळी अंघोळ करताना आतून विचारलं, "ते अमेरिकेचं काय झालं गं शेवटी?" मी दाराबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. आतून पाण्याचा आवाज यायचा थांबला, तरी ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मीटिंगला तुमच्या युनियनचा आत्ताचा चिटणीस महेश आला होता. तिशीतला असेल. म्हणाला, आमचा पाठिंबा आहे. टाळ्या पडल्या. बाबा उभे राहिले. मी त्यांना कधीच चार माणसांत बोलताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला आधी वाटलं ते निघाले.

"हसन हितं असता तर त्याला म्हननार व्हतो, त्यो न्हाई म्हनून तुला म्हनतो," बाबा म्हणाले. "तुमचा करार पुढच्या महिन्यात हाय ना? तुमी लिहून द्या, ठेकेवाल्यांचं झाल्याबिगर आमी सही करनार न्हाई. मंग मी फारम भरतो."

"काका, कमिटीला विचारावं लागेल."

"त्यो बी हेच म्हनला व्हता."

कुणीतरी हसलं. महेशचे कान लाल झाले. तो म्हणाला, "हसनभाऊ गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडं आले होते. म्हणाले, सही करायला सात जण लागतात, पण नाही म्हणायला एक पुरतो. मी नाही म्हणालो नाही, तू म्हण." मग त्यानं वहीतलं पान फाडलं. "कमिटीचं मी सांगू शकत नाही. माझं मी लिहून देतो." त्यानं लिहिलं, सही केली, पान बाबांच्या हातात दिलं.

चाचा, तुम्ही गुरुवारी महेशकडे गेला होतात. मंगळवारी मी गेल्यावर तुम्ही माझ्या उत्तरासाठी थांबला नव्हतात. नऊ दिवस मी जे ओझं घेऊन फिरत होते त्यातलं थोडं त्या सभागृहात खाली ठेवलं. थोडंच. बाकीचं माझ्याकडे आहे.

बाबांनी ते पान दोनदा वाचलं, एक एक अक्षर लावत. मग फॉर्म भरला. त्यांच्यामागून रांग लागली.

मीटिंगनंतर दोन दिवसांनी, मंगळवारी, ठेकेदारानं बाबांचा गेटपास काढून घेतला. काही कारण नाही, काही कागद नाही. "उद्यापासून नको येऊ." संध्याकाळी महेशचा फोन आला, सकाळी गेटवर या, बघू. आई म्हणाली, बघू म्हणजे काय? कुणालाच माहीत नव्हतं. आईनं विचारलं, तुझा तो चाचा असता तर काय म्हणाला असता? मी म्हणाले, मिक्सर चालू केला असता. ती कितीतरी दिवसांनी हसली, आणि मग डोळे पुसायला लागली.

बुधवारी सकाळी मी कॉलेज चुकवून बाबांबरोबर गेले. धुकं होतं, अंगावर बारीक थेंब पडत होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, लग्नाला जाताना घालतात तो. त्यांच्यासारखे पास काढून घेतलेले आणखी दोघे होते. आम्ही गेटच्या डाव्या बाजूला, गटाराच्या कडेला, कुंपणाला पाठ लावून उभे राहिलो. सिक्युरिटीवाला ओळखीचा होता. तो आमच्याकडे न बघता म्हणाला, "पलीकडं उभं राहा रे, माझी नोकरी जाईल." आम्ही दोन पावलं सरकलो. ठेकेदाराची माणसं एक एक करून आत जात होती. काही जण बाबांकडे बघून मान हलवायचे, काही जण खाली बघायचे. मी कुणाला दोष देत नाही. मला भीती वाटत होती. 

पर्मनंट कामगारांना कंपनीची बस तळेगावातून आणते. ती गेटमधून सरळ आत जाते आणि शेडपाशी थांबते, रस्त्यावर कधी थांबत नाही. ती वळणावर दिसली तेव्हा बाबांनी शर्टाची बटणं तपासली. बस गेटपाशी आली, सिक्युरिटीवाल्यानं दांडी वर केली, पण आतून कुणीतरी दारावर थापा मारल्या आणि बस बाहेरच थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. महेश उतरला. त्याच्यामागे एक पिकल्या मिशांचे गृहस्थ, मग आणखी काही. सगळे उतरले नाहीत. खिडक्यांतून दिसत होतं, कितीतरी जण जागेवर बसून होते, मोबाईलकडे बघत. उतरले त्यांनाही नेमकं काय करायचं ते कळत नव्हतं. पिशव्या सावरत ते रस्ता ओलांडून आमच्या दिशेनं आले आणि समोर येऊन थांबले. 

मग बाबा आणि ते दोघे कुंपणाच्या कडेकडेनं जरा बाजूला सरकले, बसमधून उतरलेल्यांना शेजारी उभं राहायला जागा व्हावी म्हणून.